टोचलेला खाका

विठ्ठलवाडी,
२८ जून १९८७

प्रिय सरोज,

हे पत्र कामाचं आहे, घाबरू नकोस.

शाळा सुरू झाली. यंदाच्या आठवी ब मध्ये शहाण्णव मुलं आहेत. गेल्या वर्षी ब्याण्णव होती तेव्हा तू म्हणाली होतीस, "बाई, हा वर्ग हाय का बाजार?" आता बाजारात आणखी चार गिऱ्हाइकं आली. तिघांच्या बाकावर पाचजण बसतात. एकानं लिहायला कोपर टेकवलं की पाचव्याची वही खाली पडते. काल मी पुस्तकातलं हृदय उंच धरून दाखवलं, तर मागून एकानं विचारलं, "बाई, हा बटाटा कंच्या धड्यात आहे?" मी त्याला उभं केलं आणि लगेच बसवलं, कारण त्याच्या जागेवरून मलाही बटाटाच दिसला असता.

तू शिवलेलं लहान आतडं अजून शाबूत आहे. जुन्या परकरांची बावीस फुटांची ती नळी परवा पहिल्या बाकावरून सोडली, ती डोक्यांवरून हातोहात शेवटच्या भिंतीला लागून परत आली. शहाण्णव जणांचा हात लागला. लहान आतडं किती लांब, हे नंतर कोणाला विचारावंच लागलं नाही. मूत्रपिंडातला केशिकांचा गुच्छ तू तुमच्या घरच्या जाळ्याच्या दोऱ्याचा केला होतास, त्याची एकही गाठ सुटलेली नाही. फुग्यांची फुप्फुसं मात्र उंदरांनी खाल्ली.

तर काम असं. जाकिटांचा खाका तुझ्याकडे राहिला आहे. ज्या खाकी कागदावर मी पोटातल्या अवयवांच्या जागा आखल्या आणि तू सुईनं भोकं पाडलीस, तो. मला यंदा पुन्हा बारा जाकिटं करायची आहेत. आठ मुलांत एक जाकीट, एकानं अंगात घालायचं, बाकीच्यांनी टिचबटणांवरचं जठर, यकृत, आतडं काढायचं नि परत जागेवर लावायचं. यापेक्षा बरी युक्ती मला अजून सुचलेली नाही. तुझ्या जागी आलेल्या शिवणाच्या बाईंना धड काज करता येत नाही, पण मी बघून घेईन.

फेब्रुवारीतल्या तपासणीबद्दल मी काही लिहीत नाही. बाराही जाकिटांवर यकृत डावीकडे गेलं, ते आपल्या दोघींच्या घाईत गेलं. एप्रिलनंतर तुझी नेमणूक पुढे चालू झाली नाही याचं वाईट वाटलं. तात्पुरत्या नेमणुकांचं असंच असतं. अनुभवाचा दाखला मिळाला असेलच.

ठाणं काही लांब नाही हे मला कळतं. पण सवड होत नाही, म्हणून पत्र. खाका घडी न घालता गुंडाळी करून पाठव.

तुझी,
शालनबाई


विठ्ठलवाडी,
११ ऑक्टोबर १९८७

प्रिय सरोज,

उत्तर नाही. आधी मी पोस्टमनवर राग काढला. मग पावसावर. आता दोघंही संपले.

खाका नाही आला म्हणून मी स्वतःच करायला बसले. खाकी कागद आणला, आखला, सुईनं टोचला. खडूच्या भुकटीची पुरचुंडी केली, तू करायचीस तशी. कापडावर कागद पसरला, आणि हात थांबला. कुठली बाजू वर, हेच कळेना. टोचता टोचता पेन्सिलीच्या रेघा पुसट झाल्या होत्या आणि टोचलेला कागद दोन्हीकडून सारखाच दिसतो. पुरचुंडी आपटली की दोन्हीकडून सारखाच ठिपक्यांचा छाप पडतो. उशीच्या अभ्र्यावर मोर काढायचा तर त्याचं तोंड इकडे झालं काय नि तिकडे झालं काय. माणसाच्या पोटाचं तसं नाही.

मी पुरचुंडी खाली ठेवली ती अजून तिथेच आहे.

तुला वाटेल, हे सगळं मी आता का लिहिते. धोंडीबामुळे. आपली जाकिटं मुख्याध्यापकांनी शिपायांच्या खोलीत टाकायला सांगितली होती. गेल्या आठवड्यात धोंडीबा माझ्या वर्गाचा फळा पुसायला आला, तर त्याच्या हातात जठर. चांगलं कापूस भरलेलं, गुलाबी. म्हणाला, "बाई, डस्टरपेक्षा हेच झकास पुसतं." सगळा वर्ग हसला. मीही हसले असते, पण त्याच्या कडेला तुझी ती बारीक टीप दिसली.

त्या दिवशीचं लिहीत नाही म्हणाले होते. लिहिते.

तपासणीचे साहेब वर्गात आले, जाकिटं बघून खूश झाले. एवढ्या मोठ्या वर्गात इतक्या कमी खर्चात, असं काहीतरी म्हणाले. मग मुलांना म्हणाले, "सांगा बरं, तुमचं यकृत कुठं आहे? हात ठेवून दाखवा." ब्याण्णव हात एकदम डावीकडे गेले. एकही चुकला नाही, एकानंही शेजाऱ्याचं बघितलं नाही. इतक्या शिस्तीत माझा वर्ग आधी कधी वागला नव्हता. साहेबांनी स्वतःचा हात उजव्या बरगडीखाली ठेवला आणि मुख्याध्यापकांकडे बघितलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, "हे कोणी केलं?"

मी म्हणाले, "शिवण सरोजबाईंचं आहे."

तू दारात उभी होतीस, उरलेली दोन जाकिटं हातावर घेऊन. तू माझ्याकडे पाहिलंस आणि काही बोलली नाहीस.

आठ महिने मी ते वाक्य तपासते आहे. एकही शब्द खोटा सापडत नाही. शिवण तुझंच होतं. पण खरं बोलणाऱ्या माणसाला इतकी वाईट झोप लागत नसावी.

खाका नको. दोन ओळी पाठव.

शालन


विठ्ठलवाडी,
१३ जानेवारी १९९१

सरोज,

तीन वर्षांनी लिहिते. मधल्या काळात मी तुला विसरले, असं सांगायचा विचार होता. ते जमलं नाही.

गेल्या रविवारी कल्याणला स्टेशनबाहेर तुझा भाऊ आनंद भेटला. आधी त्यानं ओळख दिली नाही, मग मीच आडवी गेले. मी विचारलं, "सरोज कुठल्या शाळेत आहे?" तो म्हणाला, "कुठल्या शाळेत घेतील, बाई? दाखल्यावर लिवलंय ना, कामात हलगर्जी. तीन शाळांत गेलेली ती. दाखला वाचला की चहा पाजून परत पाठवतात. आता घरी ब्लाऊज शिवते." एवढं बोलून तो गेला. मी तिथेच उभी राहिले. कितीतरी वेळानं एका फळवाल्यानं मला बाजूला व्हायला सांगितलं.

तो शेरा मला माहीत होता, सरोज. तो टाईप व्हायच्या आधी मी वाचला होता. कारकुनाच्या टेबलावर कच्चा कागद पडला होता, मी हजेरीपट ठेवायला गेले होते. वाचला आणि हजेरीपट त्याच्यावर ठेवून बाहेर आले.

आणि आज घरी एक छापील पत्रक आलं. फेब्रुवारीत कल्याणला विज्ञान शिक्षकांचं शिबिर आहे, शंभरावर शिक्षक येणार. मोठ्या वर्गात हातानं केलेल्या स्वस्त प्रतिकृतींनी जीवशास्त्र कसं शिकवावं, यावर तासभर मी बोलायचं आहे. बावीस फुटांचं आतडं, दोऱ्याचा केशिकागुच्छ, जाकीट, सगळ्यांची चित्रं पत्रकात आहेत. खाली लिहिलंय, रचना व निर्मिती : श्रीमती शालन खरात. ते नाव मी दिलं नव्हतं, मुख्याध्यापकांनी कळवलं. पण मी ते खोडायलाही सांगितलं नाही. पत्रक मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुझ्याबरोबर ती ठाण्याच्या चेंदणीची मुलगी होती ना गं, तिचं नाव कुठाय?"

आता नीट सांगते. तुला माहीत आहेच, पण मी ते कधी कबूल केलेलं नाही.

डिसेंबरातली दुपार होती. मी चाचणीच्या वह्या तपासत होते, ब्याण्णव वह्यांचा ढीग. तू खाका घेऊन आलीस. विचारलंस, "बाई, कंची बाजू वर?" मी वर न बघता म्हणाले, "कुठलीही ठेव, सारखंच आहे." तू गेली नाहीस. कागद हातात धरून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आमच्या बाबांचं यकृत सुजलेलं, त्यांचं उजव्या कुशीत दुखायचं. हे असं ठेवलं तर डावीकडे येतंय." मला वाटलं, हिचा गोंधळ होतोय, समोरच्याचा उजवा तो आपला डावा, हे हिला उमगत नाही. आणि मी म्हणाले, "सरोज, जीवशास्त्र तू शिकवणार का आता मला?"

तू गेलीस. बाराही कापडांवर खाका त्याच बाजूनं ठेवून छाप पाडलास, म्हणून चूकही बारा वेळा झाली. वर्गात पोरं 'डावीकडे' म्हणायची, तेव्हाही मला वाटायचं, समोरच्याचा उजवा तो आपला डावा, तेच म्हणताहेत.

'तू शिकवणार का आता मला' हे वाक्य माझं नाही, सरोज. ते मला दिलेलं आहे. आमच्या चाळीतली पहिली बी. एस्सी. मी. विहारातल्या पोरांनी माझ्यासाठी जुनी पुस्तकं कुठून कुठून गोळा केली होती. कॉलेजात प्रात्यक्षिकाच्या तासाला मी शंका विचारली की एक सर सगळ्यांसमोर हसून म्हणायचे, "आता तुम्ही शिकवणार का आम्हाला जीवशास्त्र?" त्यातल्या 'तुम्ही'मध्ये मी एकटी नसायची, अख्खी चाळ असायची. तीन वर्षं मी ते ऐकलं. रडले नाही, ठरवलं, शिक्षिका झाले की कोणालाही हे ऐकवणार नाही. आणि आयुष्यात ज्या पहिल्या माणसावर माझी सत्ता चालली, त्याला मी तेच ऐकवलं. आवाजसुद्धा तोच लागला होता. तेव्हाच माझ्या कानाला कळला.

मला तुझी माफी हवी आहे, पण ती मागण्याआधी काहीतरी करायला हवं. शिबिर १७ फेब्रुवारीला आहे. तू ये असं म्हणत नाही.

शालन


विठ्ठलवाडी,
२४ फेब्रुवारी १९९१

प्रिय सरोज,

केलं.

सभागृहात शंभराच्या वर शिक्षक होते. मुख्याध्यापक पहिल्या रांगेत, कोटाला गुलाब लावून. मी आतडं सोडलं, ते फिरून आलं. गुच्छ दाखवला. टाळ्या झाल्या. मग मी धोंडीबाकडून मागून आणलेलं जुनं जाकीट एका शिक्षकाला घातलं आणि सगळ्यांना म्हटलं, यातली चूक ओळखा. पाच मिनिटं कोणी ओळखली नाही. शंभर विज्ञान शिक्षक, सरोज! शेवटी मागच्या रांगेतल्या एक वयस्कर बाई भीत भीत म्हणाल्या, यकृत डावीकडे आहे का हो?

मग मी सांगितलं. ही सगळी शिवण आणि निम्म्याहून जास्त कल्पना सरोज भिवाजी कोळी यांची. चूक झाली ती माझी. त्यांनी दोनदा विचारलं होतं, मी मान वर करून बघितलं नाही. आणि तपासणीला त्यांचं नाव सांगून मोकळी झाले. मी टेबल धरून बोलत होते. या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. बरं झालं.

सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. "शाळेची अब्रू चव्हाट्यावर मांडलीत तुम्ही," म्हणाले. मी तेच सगळं कागदावर लिहून, सही करून त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, सरोजबाईंचा दाखला बदलून द्या. त्यांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी मी तोच कागद वर पाठवते म्हटल्यावर दाखला टाईप झाला. आठवी ब माझ्याकडून काढून घेतली आहे. पुढच्या वर्षी मला पाचवीचा परिसर अभ्यास आहे. पाचवीतही नव्वद मुलं आहेत आणि त्यांनाही पोट आहेच.

नवा दाखला सोबत जोडला आहे. जुना शेरा नाही. 'कामात चोख' असं लिहायला लावलं, ते मी शब्दाला शब्द सांगून.

तू दारात गप्प उभी राहिलीस. एक शब्द बोलली असतीस तर माझी नोकरी गेली असती, आणि तू बोलली नाहीस. तेवढं मन माझ्यात नाही. तुझं ते गप्प राहणं मला आयुष्यभर पुरेल.

एक मागणं आहे. मला बाई म्हणू नकोस. मी तुला अगं-तुगं करायची नि तू मला अहो-जाहो, त्यातूनच सगळं झालं.

तुझी,
शालन


चेंदणी, ठाणे,
१७ मार्च १९९१

शालनबाई यांस,

चारही पत्रं मिळाली. फाडली नाहीत. आईच्या पेटीत आहेत. आई विचारते, कुणाची पत्रं ठेवलीस गं एवढी, तर मी सांगते, शाळेची.

बाई म्हणू नको लिहिलंत. जीभ वळत नाही. राहू द्या.

मी उत्तर देणार नव्हते. पण शेवटच्या पत्रात तुम्ही मला इतकं चांगलं करून ठेवलंत की ते मला सोसवेना. म्हणून लिहिते.

मला माहीत होतं. बाबा गेले त्याच्या आधी वर्षभर मी रोज त्यांच्या उजव्या कुशीला गरम पाण्याची बाटली धरायचे. कुठल्या बाजूला बसायचं, हे माझ्या गुडघ्यांना पाठ होतं. तुम्ही मला तसं बोललात तेव्हा मी शिवणाच्या खोलीत आले आणि खाका स्वतःच्या पोटावर धरला. बरोबर बाजू कुठली, चुकीची कुठली, मला लख्ख कळलं. मी चुकीची वर ठेवली. मुद्दाम ठेवली, बाई. पुरचुंडी आपटताना माझा हात जरासुद्धा हलला नाही.

मनात म्हटलं, वर्गात पहिल्या दिवशीच यांच्या लक्षात येईल. धावत येतील, म्हणतील, सरोज, तू बरोबर होतीस. मी एका दुपारी सगळी टिचबटणं उसवून परत लावून दिली असती. दोरा वेगळा काढूनसुद्धा ठेवला होता. दोन महिने मी तुमची वाट पाहिली. तुम्ही आला नाहीत. आणि मलाही सांगावंसं वाटेना. आठवी ब चा तास माझ्या खोलीत ऐकू यायचा. तुम्ही विचारायच्या, यकृत कुठं, आणि पोरं एका सुरात ओरडायची, डावीकडे. रोज ऐकलं आणि मशीन चालवत राहिले.

साहेबांनी विचारलं तेव्हा मी गप्प राहिले, ते मोठ्या मनानं नाही. मला भीती वाटली, कोणीतरी मलाच विचारेल, तुला माहीत होतं का. दाखल्यावरचा शेरा वाचला तेव्हा तुमचा राग आला, पण पुरता येईना. तुम्हाला शिव्या घालायला बसले की ती ब्याण्णव पोरं पोटावर हात ठेवून पुढे उभी राहायची. त्यांनी माझं काय घेतलं होतं?

गेल्या महिन्यात त्यातली शेवंती भेटली, ती पहिल्या बाकावरची, दोन वेण्यांची. नर्सिंगला जाते आता. मी बाजारातच विचारलं, "शेवंती, यकृत कुठं असतं गं?" तिनं चटकन हात उजवीकडे ठेवला आणि हसली. म्हणाली, "शाळेत डावीकडे होतं, बाई." मी तिला घरी नेऊन जेवायला घातलं. का, ते तिला समजलं नाही.

नवा दाखला ठेवून घेतला आहे. त्यात लिहिलंय ते सगळं खरं नाही, पण जुन्यातलंही नव्हतं. जूनमध्ये इथल्या एका शाळेत दाखवून बघेन.

माफीचं तुम्ही विचारलंत. आधी तुम्ही मला करायची की मी तुम्हाला, हे मला ठरवता येत नाही. पाचवीच्या पोरांना जाकिटं लहान लागतील, नवीन कापावी लागतील. रविवारी मी घरीच असते. गल्लीत शिरलात की मशीनचा आवाज येईल.

खाका सोबत आहे, गुंडाळी करूनच पाठवते. त्याचा वरचा एक कोपरा मी कापला आहे. गळा वर धरायचा, कापलेला कोपरा आपल्या उजव्या हाताला आला की बाजू बरोबर. आता कोणाला विचारायला लागणार नाही.

तरी कोणी विचारलंच, तर मान वर करून बघा.

सरोज